लस येईपर्यंत थांबू का?

प्रश्न : (पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नागपुरातल्या 38 वर्षांच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. तीन वर्षांपासून त्यांना आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवात ओळखायला करतात ती रक्ताची चाचणी, पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे, तरी सकाळचे दीड-दोन तास बोटं वळत नाहीत. भाकरी थापणं सुटलं. स्कूटीचा ब्रेक दाबताना मनगटातून कळ जाते. नव्या एक्स-रेमध्ये मनगटाच्या हाडांची झीज दिसू लागली आहे. डॉक्टरांनी आता बायोलॉजिक इंजेक्शन (सूज भडकवणारी ठराविक रसायनं किंवा पेशी अडवणारं नव्या पिढीचं औषध) किंवा टोफॅसिटिनिबच्या गोळ्या सुचवल्या आहेत. त्याच आठवड्यात पुण्याच्या दिरांनी एक व्हिडिओ पाठवला : 'अमेरिकेत संधिवातावर लस सापडली.' नेटवर शोधाशोध केल्यावर दुसऱ्या एका शहरातल्या सेंटरचा फोन आला. 'तुमच्याच पेशींपासून बनवलेली लस' ते साडेतीन लाखांत देतो म्हणतात. नवऱ्याचं मत, महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनांवर घालवण्यापेक्षा एफडी मोडू, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. शेजारच्या काकू म्हणतात, चिकनगुनियानंतर माझेही सांधे असेच धरले होते, आपोआप सुटले, तूही थांब. ताईंचा प्रश्न : "आयुष्यभराची इंजेक्शनं लावून घेण्याऐवजी लस येईपर्यंत आहे त्या गोळ्यांवर काढलं तर चालेल का? की सेंटरला जाऊन यावं? आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला ही लस आधीच देऊन ठेवता येईल का?"

उत्तर :

ताई, 'एकदाच काय ते होऊन जाऊ दे' हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. एकदा मिस्टरांच्या तोंडी, आणि शेवटी शेवटी तुमच्या स्वतःच्या. तीन वर्षं दर आठवड्याला गोळी, दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासणी, एवढं करून सकाळी बोटं लाकडासारखीच. असं चाललेल्या माणसाला 'एकदाच' या शब्दाची भूल पडणारच. त्यात चूक काही नाही. सेंटरवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं, एवढंच ध्यानात ठेवा.

दिरांनी पाठवलेली बातमी खोटी नाही. ओहायो राज्यातल्या टोलेडो विद्यापीठात डॉ. रितू चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. '14-3-3 झीटा' नावाचं एक प्रथिन आपल्या शरीरात असतं. आमवातात ते आग भडकवत असावं, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. मग त्यांनी हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले आणि गाडी उलटी फिरली. त्या उंदरांना सांध्यांची सूज लवकर आली, जोरात आली. म्हणजे ते प्रथिन राखणदाराचं काम करत होतं. त्यावरून तेच प्रथिन लस म्हणून टोचून पाहिलं, तर सांधे बचावले आणि हाडंही मजबूत राहिली. काम उत्तमच आहे. फक्त ते उंदरांवरचं आहे, आणि व्हिडिओच्या मथळ्यात नेमकं तेवढंच गळालंय.

उंदीर आणि माणूस यांत इथे आणखी एक अंतर आहे. प्रयोगशाळेत उंदराला आमवात मुद्दाम दिला जातो, तोही ठरल्या तारखेला. लस त्याच्या आधी टोचता येते. माणसात हा आजार कधी रुजतो ते कुणाला कळत नाही. तुमच्या चाचणीत आल्या त्या अँटी-सीसीपी अँटीबॉडी पहिलं बोट सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. तुमच्या मनगटात तर हाडाला इजा सुरू झाली आहे. त्या उंदरांचे सांधे शाबूत होते, तुम्ही त्या टप्प्याच्या पुष्कळ पुढे आलात.

आता 'तुमच्याच पेशींची लस'. ही कल्पनाही खरी आहे, म्हणून तर फसगत सोपी होते. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते. घरचं कुत्रं घरच्याच माणसांना चावत सुटावं, तसं. आजची औषधं त्याला मुसकं बांधतात, म्हणून चोर आला तरी ते थोडं कमीच भुंकतं. बायोलॉजिकवर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो यामुळे. या नव्या लशींचा प्रयत्न वेगळा आहे : मुसकं न बांधता त्याला घरच्यांची ओळख पुन्हा पटवून द्यायची.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्राध्यापक रंजनी थॉमस यांच्या गटाने ते करून पाहिलं. रुग्णाच्या रक्तातून डेंड्रायटिक पेशी (संरक्षण यंत्रणेला आपलं कोण, परकं कोण ते दाखवणाऱ्या) बनवायच्या, त्यांना प्रयोगशाळेत शांत करायचं, ज्या प्रथिनांवर शरीर चिडलंय त्यांचे तुकडे त्यांना दाखवायचे आणि त्या पेशी त्याच रुग्णाच्या त्वचेत टोचायच्या. 2015 मध्ये निकाल छापून आला. 18 रुग्णांना एकेकच इंजेक्शन दिलं होतं, तेही ज्यांच्यात आजाराला पोषक ठरणारं ठराविक जनुक होतं त्यांनाच. मुख्य प्रश्न होता, हे सुरक्षित आहे का? उत्तर आलं, आहे. चिडक्या पेशी थोड्या कमी झाल्याच्या खुणाही दिसल्या. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या गटाने अशाच पेशी थेट गुडघ्यात सोडून पाहिल्या, 2017 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथेही रुग्ण मोजके आणि प्रश्न सुरक्षिततेचाच. पुढे ऑस्ट्रेलियातल्या गटाने पेशींची कटकट टाळून चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांतून तोच संदेश पोचवायचा प्रयत्न केला. हे सगळं पहिल्या पायरीवरचं काम. आमवातावरची एकही लस आज जगात कुठेच मंजूर नाही.

पहिली पायरी चढलेलं दुसरीवर घसरतं, हेही या आजारात वारंवार झालंय. 1993 मध्ये कोंबडीच्या कूर्चेतलं कोलॅजन नावाचं प्रथिन तोंडाने देऊन 60 रुग्णांच्या चाचणीत चांगला परिणाम दिसला, केवढा गाजावाजा झाला. मोठ्या चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. फ्रान्समधल्या एका कंपनीने वेगळीच युक्ती काढली होती. टीएनएफ नावाचं जे रसायन सांध्यात सूज वाढवतं, त्याच्याविरुद्ध शरीराने स्वतःच अँटीबॉडी बनवाव्यात अशी लस. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली होती, कारण महागडं इंजेक्शन शरीरच फुकटात तयार करणार! अँटीबॉडी तयार झाल्याही. सांधे मात्र पुरेसे सुधारले नाहीत आणि पुढच्या टप्प्याच्या चाचणीत ती लस नापास झाली.

मग जे ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात अजून पहिल्या पायरीवर आहे, ते या सेंटरकडे साडेतीन लाखांत तयार कसं? त्यांना एकच मेसेज पाठवा : "तुमच्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक, एथिक्स कमिटीचा नोंदणी क्रमांक आणि मराठीतलं संमतीपत्र पाठवा." एथिक्स कमिटी म्हणजे चाचणीतल्या रुग्णांचं हित पाहणारी समिती. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही. ती कुणालाही नेटवर फुकट पाहता येते आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात सक्तीची आहे. क्रमांक आलाच तर तो तिथे टाकून बघा : आजाराचं नाव तेच आहे का, उपचार तोच आहे का, चाचणी चालू आहे की केव्हाच बंद झाली. कधी कधी क्रमांक खरा असतो आणि चाचणी भलत्याच आजाराची.

आणि पैशाचं म्हणाल, तर खऱ्या चाचणीत प्रयोगाचं औषध विकत घ्यावं लागत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर आहे, 2019 च्या नियमांत ते स्पष्ट आहे. मधेच सोडून यायचीही मुभा असते. साडेतीन लाख आगाऊ मागणाऱ्याकडे यातलं काय आहे ते विचारा. एफडी मोडायची नाही, ताई. मिस्टरांशी बोलताना 'तुम्हाला काही कळत नाही' या सुरात जाऊ नका. ते तुमच्यासाठी ठेव मोडायला निघालेत, हे लहान नाही. सीटीआरआयचं पान दोघांनी मिळून उघडा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. लस येईपर्यंत आहे त्या गोळ्यांवर काढू का? माझं उत्तर नाही असं आहे. लस कधी येईल, येईल की नाही, हा मुद्दा बाजूला ठेवा. मधल्या काळात तुमचा सांधा गप्प बसणार नाही. सकाळी दीड-दोन तास आखडणं म्हणजे आत सूज धगधगते आहे, आणि एक्स-रेत झीज दिसते म्हणजे ती हाड कुरतडते आहे. कुरतडलेलं हाड पुढे कितीही भारी औषध आलं तरी सहसा पूर्ववत होत नाही. उद्या लस खरोखर आली, तरी तिचा उपयोग शाबूत सांधे असलेल्यांनाच जास्त होईल. थांबायचंच असेल तर सांधे राखून थांबा.

'आहे त्या गोळ्या' आणि 'आयुष्यभराची इंजेक्शनं' यांच्या मधे काहीच नाही, असं तुम्ही धरून चाललात. मधे बरंच आहे, आणि बऱ्याच वाचकांना ते कुणी सांगितलेलं नसतं. मेथोट्रेक्सेटची गोळी साधारण 15 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की पोटातून तितक्या प्रमाणात शोषली जात नाही. तेच औषध त्वचेखाली टोचलं तर जास्त लागू पडू शकतं, आठवड्याला 20-25 मिलिग्रॅमपर्यंत नेता येतं, आणि बायोलॉजिकच्या मानाने ते फारच स्वस्त आहे. दुसरी वाट तीन जुन्या औषधांची जोडी : मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. 2013 मध्ये एका चाचणीचे निकाल आले होते. मेथोट्रेक्सेट पुरेसं न पडलेल्या 353 रुग्णांत ही तिहेरी जोडी विरुद्ध एक बायोलॉजिक असा सामना होता. तिहेरी जोडी कमी पडली नाही. तुमच्या बाबतीत झीज दिसू लागली आहे, त्यामुळे डॉक्टरांना घाई वाटत असेल तर ती रास्त आहे. पण हे विचारायला हरकत काय? "मॅडम, मेथोट्रेक्सेट इंजेक्शनने वाढवून किंवा तिसरं औषध जोडून तीन महिने बघता येईल का? माझ्या एक्स-रेकडे पाहता तेवढा वेळ आहे का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. तीन महिन्यांत फरक दिसायला हवा आणि सहा महिन्यांत आजार आटोक्यात यायला हवा, हा आजच्या उपचारातला सर्वमान्य हिशेब आहे. नाही आला तर औषध बदलायचं. तुमच्या बाबतीत तीन वर्षं तेच ते चाललं, याचं मला खरं आश्चर्य वाटतं.

बायोलॉजिकवर जायची वेळ आलीच तर ते 'आयुष्यभर' असतंच असं नाही. आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डॉक्टर दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवतात. काहींना ते झेपतं, काहींचा आजार परत उसळतो आणि मात्रा पूर्ववत करावी लागते. खर्चाचं चित्रही पूर्वीसारखं राहिलं नाही. अ‍ॅडॅलिम्युमॅबचं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखंच बनवलेलं स्वस्त औषध, 2014 च्या अखेरीस भारतातच आलं, आणि टोफॅसिटिनिबच्या गोळ्या आता कितीतरी भारतीय कंपन्या बनवतात. कंपनीगणिक भावात बराच फरक असतो, तेव्हा धंतोलीतल्या एकाच औषध दुकानात विचारून घरी येऊ नका. गोळ्या सोप्या वाटतात, पण पन्नाशी ओलांडलेल्यांनी, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी त्याबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोलावं. नागीण उठण्याचं प्रमाणही या गोळ्यांवर जास्त आहे. दुसरं मत हवं असेल तर गाव सोडायची गरज नाही. मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) किंवा मिहानच्या एम्सच्या ओपीडीत केसपेपर काढा, जुने एक्स-रे सोबत न्या. मेडिकलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना भेटून तुमच्या रेशनकार्डावर कुठल्या योजनेतून काय मिळतं तेही विचारा. शिक्षिका आहात म्हणून वैद्यकीय प्रतिपूर्तीत काय बसतं, ते शाळेच्या कारकुनाला माहीत असेल.

शेजारच्या काकूंचं. 2024 च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाने घराघरांत माणसं आडवी केली, त्यामुळे आज आपल्या शहरात सांधेदुखीवर प्रत्येकाकडे सल्ला आहे. काकूंचं दुखणं खरंच आपोआप गेलं असेल. चिकनगुनियाचं बहुतेकांचं जातं. तुमच्या आजाराची जात वेगळी आहे. उलट सांगायचं तर चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने बोटं सुजलेली राहिली, सकाळी आखडत राहिली, तर 'चिकनगुनियाच आहे' म्हणून बसून न राहता अशा वाचकांनी सांधेविकार तज्ज्ञांना दाखवावं.

लेकीला आज देण्यासारखी कुठलीच लस नाही. आईला आमवात असला तर मुलीचा धोका थोडा वाढतो, तरी बहुतेक मुलींना तो होत नाही. लक्षणं नसताना तिचं रक्त तपासत बसू नका, घरात नुसती धास्ती वाढेल. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या 213 जणांवर एक प्रयोग झाला, 2024 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अँटीबॉडी होत्या, सांधे दुखत होते, पण आजार अजून पुरता जमलेला नव्हता, अशांपैकी साधारण निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला बायोलॉजिक गटातलं अ‍ॅबाटासेप्ट टोचलं. वर्षाअखेर ते घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांना आमवात झाला, न घेणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांना. औषध थांबल्यावर दुसऱ्या वर्षाअखेर मात्र आकडे 25 आणि 37 वर आले. आजार टळला म्हणण्यापेक्षा बराचसा लांबला. आणि ही सगळी त्रास सुरू झालेली मोठी माणसं होती. लेकीसाठी एवढंच करा : घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद व्हावी, कारण धूम्रपानाचा या आजाराशी संबंध पक्का आहे. दातांची काळजी घ्या. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसलाय. (तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे लगेच सुटल्यासारखे हसू नका. तुमच्या हिरड्यांचं काय होतं ते दंतवैद्याला विचारा.) पुढे कधी तिची बोटं सहा आठवडे सुजलेली राहिली तर उशीर नको.

लशीबद्दल तुम्ही एवढं वाचलंत, तर तुम्हाला खरोखर लागणाऱ्या लशी राहून जाऊ नयेत. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्धची), आणि टोफॅसिटिनिब ठरलं तर आधी नागिणीची. यातली कुठली, केव्हा, हे डॉक्टरांना औषध बदलण्यापूर्वीच विचारा. नंतर काही जिवंत लशी देता येत नाहीत. फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावं असं कधी कधी सांगतात, पण ते मनाने करू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टीबी. टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांमुळे शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठीची मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी, शिवाय हिपॅटायटिस बी-सी, हे सगळं पहिल्या सुईच्या आधी. चाचणीत असा झोपलेला टीबी निघाला तर घाबरू नका, आधी त्याचे उपचार सुरू करून मग इंजेक्शन देतात.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार लाल पेनाने लिहून ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. आणि मूल हवं असेल तर ते औषध किती आधी बंद करायचं हे आधीच ठरवा, दिवस गेल्यावर नको.

ताई, इंजेक्शन ठरलं तर मेच्या आत फ्रीजची सोय बघा. ही सुई 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, आणि आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी दुकानातून आणायला जाऊ नका, स्कूटीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवू नका. थर्मास पिशवी आणि बर्फाचा पॅक न्या, पण सुईला कापडात गुंडाळा. ती बर्फाला चिकटून गोठली तर वाया गेली. घरी फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा, आणि लाइट गेली की फ्रीज उघडू नका. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं तर कमी दुखतं. पहिली सुई दवाखान्यातच नर्सकडून शिकून घ्या. बोटं साथ देत नसतील तर मिस्टरांनाही शिकवायला सांगा.